दयेचे गाणे आणि बरोबरीचे गाणे

१९८४ सालच्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या नामवंत गायकांनी एकत्र येऊन एक गाणे बाजारात आणले. इथिओपियात भीषण दुष्काळ पडला होता. हाडाचे सापळे झालेल्या मुलांची चित्रे दूरचित्रवाणीवर दिसत होती. त्या मुलांसाठी निधी जमवावा म्हणून हे गाणे. त्याच्या नावातच एक प्रश्न होता : आज नाताळ आहे हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक तरी आहे का?

ज्यांच्याबद्दल हा प्रश्न विचारला त्या इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकात राजाने स्वीकारला. इंग्लंडच्या राजांनी बाप्तिस्मा घेण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी! त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो आणि तो त्यांना चांगला ठाऊक असतो. याच देशाने १८९६ साली अडवाच्या लढाईत इटलीच्या फौजेला धूळ चारली होती. पण दुष्काळाच्या चित्रात इतिहास दिसत नाही. तिथे फक्त पसरलेला हात दिसतो.

पुढच्या वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, लंडन आणि फिलाडेल्फियात प्रचंड मैफली झाल्या. पैसा जमला, धान्य गेले, काही जीव वाचले. हे आम्ही नाकारत नाही. भुकेल्याला भाकरी देणाऱ्याला नावे ठेवणे आमचे काम नव्हे. पण त्या एका गाण्याने अख्ख्या देशाची ओळख 'उपाशी' अशी करून टाकली. दुष्काळामागे लष्करी राजवटीचे युद्ध होते, तिची धोरणे होती. तेही मागे पडले. देणारा मोठा झाला, घेणारा लहान झाला. दयेचा व्यवहार नेहमी असाच असतो. दया करणारा वर उभा असतो आणि त्याला वरच राहायचे असते. हे आमच्या वाचकांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

या घटनेनंतर वीस वर्षांनी युरोपातलेच एक गायनपथक इथिओपियाशी वेगळे नाते जोडू शकले. त्यांनी निधी गोळा करण्याचा गाजावाजा केला नाही. ते शिकायला गेले, आणि पुढे तिथल्या एका म्हाताऱ्या वादकामागे साथीला उभे राहिले. या पथकाचे नाव 'द एक्स'. गाव हॉलंडमधले, ॲमस्टरडॅमच्या परिसरातले. आमच्या फार थोड्या वाचकांनी हे नाव ऐकले असेल. म्हणूनच ही हकीकत सांगावीशी वाटते.

भिंतीवर लिहिता येईल असे नाव

१९७९ साली हे पथक निघाले. त्या काळी ॲमस्टरडॅममध्ये घरांची भयंकर टंचाई होती. एकीकडे तरुणांना राहायला खोली मिळत नव्हती आणि दुसरीकडे भाव वाढण्याची वाट पाहत मालकांनी इमारती रिकाम्या ठेवल्या होत्या. तरुणांनी या रिकाम्या घरांत घुसून राहायला सुरुवात केली. मार्च १९८० मध्ये अशाच एका इमारतीभोवतीचे अडथळे हटवण्यासाठी सरकारने शहराच्या रस्त्यावर रणगाडे आणले. ३० एप्रिल १९८० रोजी राणी बिआट्रिक्सचा राज्यारोहण सोहळा होता. त्या दिवशी घर नाही तर राज्यारोहणही नाही, अशी घोषणा देत लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांशी मोठी चकमक झाली.

'द एक्स' हे त्या धामधुमीचे अपत्य. नाव असे का ठेवले? पोलीस येण्याआधी भिंतीवर चटकन रंगवता यावे म्हणून! कोणी कोणते वाद्य वाजवायचे हेही म्हणे चिठ्ठ्या टाकून ठरले. म्हणजे वाद्य येत होते म्हणून पथक निघाले असे नाही. सांगायचे खूप होते, म्हणून वाद्य हाती घेतले.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. या पथकातल्या लोकांनी आपली आडनावे मागे टाकली. टेरी एक्स, लुक एक्स, अँडी एक्स अशी नावे ते लावू लागले. युरोपात आडनावावरून जात कळत नाही, त्यामुळे तिथे ही गोष्ट कदाचित गमतीची वाटत असेल. पण आडनाव ऐकताच समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजण्याची सवय ज्यांना लागलेली आहे, त्यांना सगळ्यांचे एकच आडनाव असण्याची किंमत कळते.

अराजक म्हणजे काय?

त्या सुमारास इंग्लंडमध्ये पंक संगीताची एक वेगळी शाखा फुटली होती. पंक म्हणजे वेगवान, कर्कश, तीन-चार सुरांत उरकणारे, चिडलेल्या तरुणांचे गाणे. मोठ्या कंपन्यांनी ते वर्षा-दोन वर्षांतच विकत घेतले. तेव्हा १९७७ साली निघालेल्या 'क्रास' या पथकाने वेगळी वाट धरली. स्वतःच तबकड्या काढायच्या, वेष्टनावर किंमत छापायची म्हणजे दुकानदार जास्त घेणार नाही, युद्ध आणि धर्मसत्तेविरुद्ध उघड बोलायचे. १९८४ मध्ये क्रास थांबले. पण या पंथाला अराजकतावादी पंक असे नाव पडले ते कायमचे. 'द एक्स' या पंथाच्या कडेकडेने चालत आले. विचार जवळचा, पण आवाज वेगळा.

'अराजक' हा शब्द वाचून आमच्या काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांचे चुकत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की सनदशीर मार्ग मोकळे असताना बेसनदशीर मार्ग धरणे हे अराजकाचे व्याकरण आहे आणि ते जितक्या लवकर सोडू तितके बरे. आम्ही त्याच भूमिकेवर उभे आहोत. राज्यसंस्था नको असे म्हणणे आम्हाला परवडणारे नाही. गावगाड्यातून कायदा एक पाऊल मागे सरला, की जात दोन पावले पुढे येते, हा आमचा रोजचा अनुभव आहे. आणि एक गोष्ट युरोपातल्या या मंडळींनीही मान्य केली पाहिजे. ज्या राज्याला ते शिव्या देत होते, त्याच राज्याच्या शाळा, दवाखाने आणि बेकारभत्ता त्या पिढीच्या पाठीशी होता. उपाशी पोटी प्रयोग फार काळ चालत नाहीत.

पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी दुसराही इशारा दिला होता. राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा तो इशारा. पहिला इशारा आम्ही पाठ केला. दुसऱ्याचे काय केले? प्रत्येक गटाला एक नेता, प्रत्येक नेत्याचा एक फलक, आणि फलकावर नेत्याचे छायाचित्र महापुरुषांच्याही वर! 'द एक्स' पथकात नेता नाही. गाणी सगळे मिळून बसवतात, तबकड्या बहुतांशी स्वतःच काढतात. चाळीसहून अधिक वर्षे हे चालले आहे. राज्यसंस्थेबद्दलचे त्यांचे मत बाजूला ठेवू. पण भक्तीशिवाय संघटना टिकते, याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे जरूर पाहू.

कागद गिरणी आणि स्पेन

हे लोक नुसत्या घोषणा देत बसले नाहीत. वॉर्मर या गावात ते राहत, तिथे व्हान गेल्डर कंपनीची कागदाची गिरणी होती. गिरणी बंद पडली, कामगार घरी बसले. १९८३ साली 'द एक्स'ने या गिरणीवर चार छोट्या तबकड्यांचा संच काढला. नाव दिले 'डिग्निटी ऑफ लेबर', म्हणजे श्रमप्रतिष्ठा. हे नाव उपरोधाने दिलेले आहे. श्रमप्रतिष्ठेवर व्याख्याने देणारे लोक श्रम करणाऱ्याला कसे वापरतात आणि काम संपले की कसे फेकतात, ते या गाण्यांत आहे. श्रम पवित्र आहेत असे आमच्याकडेही फार ऐकवले जाते. ऐकवणाऱ्याच्या हातात झाडू मात्र क्वचितच दिसतो!

मार्च १९८४ ते मार्च १९८५ या काळात इंग्लंडमधल्या खाण कामगारांनी थॅचरबाईंच्या सरकारविरुद्ध संप केला. तेव्हा 'द एक्स'ने समुद्र ओलांडून संपकऱ्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम केले. स्वतःच्या देशाचा प्रश्न नव्हता, तरी गेले.

१९८६ मध्ये स्पेनच्या क्रांतीला पन्नास वर्षे झाली. तेव्हा त्यांनी दोन छोट्या तबकड्या आणि त्यांच्यासोबत १४४ पानांचे छायाचित्रांचे पुस्तक काढले. १९३६ साली स्पेनमध्ये फ्रँकोच्या लष्करी बंडाविरुद्ध कामगार आणि शेतकरी उभे राहिले, कारखाने आणि शेते त्यांनी स्वतः चालवली. त्या दिवसांची छायाचित्रे स्पेनच्या कामगार संघटनेच्या संग्रहातून मिळवलेली होती. गाण्याच्या तबकडीबरोबर इतिहासाचे पुस्तक! १९३६ हे साल आमच्या वाचकांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. लाहोरला जे भाषण होऊ दिले नाही, ते बाबासाहेबांनी त्याच वर्षी स्वतः छापून लोकांपुढे ठेवले. इतिहास दुसऱ्यांच्या हाती सोपवला की त्यातून आपण गायब होतो. म्हणून तो स्वतः छापावा लागतो. हे शहाणपण दोन्हीकडे एकच आहे.

प्रयोग कशासाठी?

चळवळीच्या गाण्याबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. आशय चांगला असतो, पण चाल तीच ती. ही तक्रार पंकलाही लागू होती. बंडाचे गाणेसुद्धा ठरलेल्या साच्यात पडले, की ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जातो.

'द एक्स'ने हा साचा मोडला. त्यांच्या गाण्यात गिटार सुरासाठी कमी आणि ठेक्यासाठी जास्त वाजते. तारा खरवडल्या जातात, त्यांच्यावर काठी आपटली जाते, पत्र्याचा, लोखंडाचा आवाज काढला जातो. एकच ठेका इतका वेळ चालतो, की कारखान्यातले यंत्र सुरू असल्यासारखे वाटते. १९८४ साली काथरीना बोर्नेफेल्ड ढोलवादनाला आल्या. त्यांच्या हातात नेहमीची सरळ मारझोड नाही. गायीच्या गळ्यातल्या घंटेपासून रिकाम्या डब्यापर्यंतचे आवाज त्या ठेक्यात येतात. बायकांनी मागे उभे राहून कोरस धरावा, असा पंकमध्येही अलिखित नियमच होता. या बाई ठेक्याच्या मालकीण झाल्या आणि गाऊही लागल्या.

ॲमस्टरडॅममध्ये आयत्या वेळी संगीत रचणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. तिथले 'इन्स्टंट कंपोझर्स पूल' हे मंडळ १९६७ पासूनचे. शास्त्र शिकलेले हे वादक आणि चिठ्ठ्या टाकून वाद्य मिळवलेले हे पंकवाले एकत्र वाजवू लागले. १९९१ मध्ये टॉम कोरा या अमेरिकन चेलोवादकाबरोबर त्यांनी 'स्क्रॅबलिंग ॲट द लॉक' ही ध्वनिमुद्रिका काढली. तीत हंगेरीचे एक लोकगीतही आहे. २००४ च्या 'टर्न' या संचात कांगोमधल्या 'कोनोनो नंबर वन' या पथकाची चाल आहे. हे कोनोनोवाले किन्शासाच्या रस्त्यावरचे. मोटारीच्या जुन्या भागांतून काढलेल्या चुंबकांनी त्यांनी आपल्या पारंपरिक वाद्याचा आवाज मोठा केला. भंगारातून वाद्य! ज्याला संगीतशाळेत प्रवेश नाही तोही नवा आवाज शोधू शकतो, हे त्यांनी दाखवले आणि 'द एक्स'ने ते मान्य केले. प्रयोग ही शिकल्यासवरलेल्यांची मिरास आहे, ही समजूतच मुळात खोटी आहे.

म्हाताऱ्याने निवडलेले पथक

आता मूळ गोष्टीकडे येऊ. १९९० च्या दशकात टेरी आफ्रिकेत हिंडले. इथिओपियात त्यांनी कॅसेटींच्या दुकानांतून जुने संगीत गोळा केले. २००२ साली अख्खे पथक इथिओपियाच्या दौऱ्यावर गेले. या काळात एका वादकाचा आवाज त्यांच्या कानात बसला होता. त्या वादकाचे नाव गेताच्यू मेकुरिया.

मेकुरिया यांचा जन्म १९३५ चा. आधी ते तिथली पारंपरिक तंतुवाद्ये वाजवत, मग सॅक्सोफोनकडे वळले. १९४९ साली, म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात, ते अदिस अबाबाच्या नगरपालिकेच्या बँडमध्ये दाखल झाले. पुढे सम्राटाच्या नावाच्या नाट्यगृहाच्या आणि पोलिसांच्या वाद्यवृंदात त्यांनी नोकरी केली. इथिओपियात 'शेलेला' नावाचा गायनप्रकार आहे. लढाईवर निघालेले योद्धे शत्रूला ललकारत तो गात. आमच्या वाचकांनी पोवाड्याची ललकारी आठवावी. मेकुरिया यांनी ही ललकारी सॅक्सोफोनमध्ये उतरवली. वाजवताना ते सिंहाची आयाळ डोक्याला लावून उभे राहत. पुढे पाश्चात्त्य रसिकांनी ते ध्वनिमुद्रण ऐकले आणि म्हटले, हे तर आमच्या अमेरिकेतल्या मुक्त जाझसारखे आहे! मेकुरिया यांनी ते कोणाकडून उचलले नव्हते. त्यांच्या वादनाचे मूळ त्यांच्याच मातीतल्या ललकारीत होते. पण प्रस्थापितांना अशी सवय असते, की दुसऱ्याचे मोठेपण मान्य करतानाही मोजपट्टी स्वतःचीच वापरायची.

१९७४ साली लष्कराने सत्ता घेतली. रात्रीच्या संचारबंदीने संगीताची दुकाने बसली. एक पिढी विस्मरणात गेली. पुढे १९९७ पासून फ्रान्समध्ये 'इथिओपिक्स' नावाची मालिका निघू लागली आणि तिच्या चौदाव्या भागात मेकुरिया जगापुढे आले.

२००४ मध्ये 'द एक्स'ला पंचवीस वर्षे झाली. त्या सोहळ्याला त्यांनी मेकुरिया यांना ॲमस्टरडॅमला बोलावले. तेव्हा त्यांचे वय एकोणसत्तर. त्यांनी या खडबडीत पंकवाल्यांचे वादन ऐकले आणि सांगितले, की माझी पुढची ध्वनिमुद्रिका मी तुमच्याबरोबर करणार.

इथे थोडे थांबून विचार करावा. निवड कोणी केली? म्हाताऱ्याने केली. गोऱ्यांनी त्यांना 'शोधून' काढले, 'संधी' दिली, अशी ही कथा नाही. मेकुरिया यांनी आपली गाणी निवडली आणि पथकाने ती शिकून घेतली. २००६ मध्ये 'मोआ अन्बेसा' निघाली. नावाचा अर्थ विजयी सिंह. वेष्टनावर पहिले नाव गेताच्यू मेकुरिया यांचे, मग 'द एक्स'चे. नावांचा क्रम ही क्षुल्लक बाब नाही. पत्रिकेवर आपले नाव कुठे छापले यावरून सभा मोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. इथे यजमानाने आपले नाव आपण होऊन खाली घेतले.

पुढे त्यांनी युरोप-अमेरिकेत मिळून कार्यक्रम केले. २००८ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरच्या खुल्या मंचावर हे सगळे एकत्र वाजले. त्या लोखंडी ठेक्यावर सिंहाची ललकारी! श्रोत्यांपुढे दुष्काळाचे एकही चित्र नव्हते. होता तो एक कलावंत, आपल्या पूर्ण उंचीवर उभा.

बरोबरी पुरती होती का?

आम्ही भाबडे नाही. युरोपच्या पारपत्रावर जग फिरता येते, आफ्रिकेच्या पारपत्राला दारोदार शिक्के मागावे लागतात. कार्यक्रम कुठे करायचा आणि ध्वनिमुद्रण कुठे करायचे, याची साधने युरोपात होती. चार चांगल्या माणसांच्या चांगल्या वागण्याने ही विषमता संपत नाही. ती संपवायला राजकारण लागते, कायदा लागतो. जो केवळ गाण्यावर विसंबेल तो फसेल.

पण कायदा झाल्यावरही बंधुता उरतेच. ती आदेशाने येत नाही, वागण्यातूनच येते. समोरच्याकडे माझ्याला शिकवण्यासारखे काही आहे असे मानणे, त्याच्या साथीला उभे राहणे, त्याचे नाव आधी लिहिणे, हे तिचे साधे व्यवहार आहेत. १९८४ च्या गाण्यात करुणा होती, पण हे मानणे नव्हते.

२००९ मध्ये मूळ गायक जी. डब्ल्यू. सोक बाहेर पडले, आर्नोल्ड द बूर आले. पथक मोडले नाही. २०१२ मध्ये मेकुरिया यांच्याबरोबरचा दुसरा संच निघाला. ४ एप्रिल २०१६ रोजी मेकुरिया यांचे निधन झाले. २०२५ साली 'द एक्स'ची नवी ध्वनिमुद्रिका आली.

आम्ही हे सारे का सांगितले? आमच्या वस्त्यांतही असे म्हातारे आहेत. रात्र रात्र गाऊन त्यांनी गावेच्या गावे जागी केली. आज जयंतीला त्यांच्या गळ्यात हार पडतो, शाल पांघरली जाते, नेत्याचे भाषण होते आणि म्हातारा शेवटच्या गाडीने घरी जातो. त्यानंतर मोठ्या ध्वनिक्षेपकाच्या भिंती दणाणतात. शाल ही दया आहे. ती थंडीत उपयोगी पडते, पण तिने कलावंत जगत नाही. त्याच्यासमोर बसून त्याची चाल शिकणारी, तिच्यात आपला नवा ठेका मिसळणारी आणि त्याचे नाव आपल्या नावाआधी छापणारी तरुण मुले त्याला हवी आहेत. वस्तीत ती मुले आहेत. त्यांनी येत्या जयंतीची वाट न पाहता उद्याच म्हाताऱ्याचे दार ठोठवावे.